दाजींना न लागलेला धूर

माझ्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, लाल वाइन करतात. लाल म्हणायचं ते केवळ पांढरी नाही म्हणून. ग्लास भरून वर्तमानपत्रावर ठेवला तर ग्लासाखालची बातमी आरामात वाचता येते. गावातले लोक तिला 'धुतलेली वाइन' म्हणतात. मी आयुष्यभर लाँड्री चालवली, त्यामुळे हा विनोद ऐकवायला त्यांना माझ्याइतकं योग्य गिऱ्हाईक मिळत नाही. मी अशा वेळी दोन शब्द सुनावते. दाजी मात्र हसतात आणि म्हणतात, "धुतलेलीच आहे. मळ काढलाय तिचा."

गडद रंग काढणं त्यांच्या मते अजिबात कठीण नाही. "द्राक्षांना पिळून पिळून छळलं की ती रंग देतात, कडवटपणा देतात, मागाल ते देतात. चहा तासभर उकळला तर काळा होतोच की. त्याला चांगला चहा म्हणतं का कोणी?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यांनी तोंड उघडलं की मी चहाचं आधण बंद करते.

त्यांची पद्धत बघायची असेल तर तोडणीच्या दिवसांत त्यांच्या तळघरात यावं. घड अख्खेच्या अख्खे, देठासकट लाकडी टाकीत ठेवतात. ठेवतात म्हणते, टाकत नाहीत. पंप नाही, यंत्र नाही. रस इकडून तिकडे न्यायचा तो बादलीने, आणि बादलीही काठाला टेकवून ओतायची, धबकन नाही. कामाला आलेल्या माणसांना ते दिवसभर एकच शब्द सांगतात, "हळू, हळू". त्यामुळे मजुरांनी त्यांचं नावच 'हळूशेठ' ठेवलंय. टाकीत पाय धुऊन उतरायचं आणि तुडवायचं, तेही झोपलेल्या माणसाच्या खोलीतून चालावं तसं. हे काम ताईचं. ती वजनाने चिमणीएवढी आहे. मला टाकीत उतरायला बंदी आहे. "तू उतरलीस तर जॅम होईल," असं दाजी म्हणाले होते, आणि त्या दिवशी मी जेवायला थांबले नाही.

मग रस आंबायला लागतो, सालं वर येतात, आणि खरी परीक्षा सुरू होते. सालं रसात किती दिवस ठेवायची? जास्त ठेवली तर वाइन दांडगट होते, कमी ठेवली तर नुसतं सरबत. दाजी रोज एक घोट घेतात, तोंडात फिरवतात, आणि तोच पेला ताईपुढे धरतात. ताई एक घोट घेते. दाजी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. ताई "अजून" म्हणाली तर अजून. ताईने नुसती मान हलवली की सालं बाहेर. इतकी वर्षं असंच चाललंय. हा माणूस स्वतःच्या जिभेवर पोट भरतो, पण शेवटचा शब्द बायकोच्या जिभेचा. सालं नंतर अगदी हलक्या हाताने दाबायची, आणि शेवटचा जड रस व्हिनेगरवाल्याला देऊन टाकायचा. पिंपंही जुनीच लागतात. नवं लाकूड फार बडबड करतं, द्राक्षाला बोलू देत नाही, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणताना ते माझ्याकडे बघतात.

आता गंमत अशी की या माणसाने सगळी नोकरी काढली ती काळीकुट्ट वाइन करण्यात. नदीकाठी त्यांच्या मालकाचा वाइनचा मोठा कारखाना आहे, खोलीएवढ्या पोलादी टाक्यांचा. तिथे दाजी मुख्य होते. मालकाला वाइन दाट हवी, जड हवी, दातांना रंग चढला पाहिजे. दाजी ती चोख करून द्यायचे, आणि घरी येऊन जांभळे हात साबणाने घासत म्हणायचे, "आज पुन्हा शाई केली." नोकरीत असतानाच त्यांनी वरच्या जंगलाला लागून असलेला एक उतार घेतला. दगडगोटे, ऊन कमी, वारा फार. तिथे द्राक्ष पिकतं तरी का, म्हणून लोकांनी वेड्यात काढलं. दाजींना तेच हवं होतं. जे उशिरा आणि कुढत पिकतं त्याच्यात चव उतरते, म्हणे.

वेल लावले. वाट पाहिली. पहिलं पीक पाखरांनी नेलं. पुढच्या वर्षी गारा पडल्या, त्यानंतर बुरशी आली. अधल्यामधल्या वर्षी जी काही वाइन झाली ती बरी झाली. शहरातल्या एका हॉटेलवालीने ती हौसेने घेतलीही, पण दाजींच्या मनातली ती नव्हतीच. "एकदा तरी," ते जेवताना म्हणायचे, "एकदा तरी मनात आहे तशी व्हावी. मग मेलो तरी चालेल." ताई उकडलेल्या बटाट्यांची सालं सोलत म्हणायची, "आणि पिणार कोण? तुम्ही मेल्यावर मी एकटी पीत बसू?" बाकी त्यांना मूलबाळ नाही, प्रवासाची हौस नाही, घराला रंग द्यायची सुद्धा फिकीर नाही. ती एक वाइन, एवढंच त्या घरात मागणं होतं.

आणि मग ते वर्ष आलं. पाऊस हवा तेव्हा पडला, नको तेव्हा थांबला. घड लहान, मोकळे, साल कागदासारखी पातळ. दाजी रोज उतारावर जाऊन एकेक मणी चाखायचे आणि घरी येऊन काही बोलायचे नाहीत. ते बोलत नाहीत म्हणजे फार खूश असतात. मी लाँड्री बंद करून ताईकडे वरच्या खोलीत राहायला आले ती त्याच उन्हाळ्यात. म्हणजे बंद करायला घेतली होती. तेवढ्यात नदीपलीकडच्या डोंगराला आग लागली, आणि बंद करणं राहूनच गेलं.

आग आपल्याकडे आली नाही. एक पान जळलं नाही. पण वारा पडला आणि सगळा धूर दरीत उतरून बसला, दिवसच्या दिवस. सूर्य तांब्याच्या पैशासारखा दिसायचा. पलीकडच्या गावातून माझ्याकडे पडदे यायला लागले, पांघरुणं, लग्नाचे कपडे. मी एकेक पडदा पुन्हा पुन्हा धुतला. ओला असताना स्वच्छ वास यायचा, साबणाचा. वाळला की धूर परत हजर. गिऱ्हाइकं मलाच बोलायची, आणि मी त्यांना बोलायची. दाजी शेडमध्ये द्राक्षाचा घड घेऊन बसले होते. मला एक मणी दिला. मी खाल्ला. गोड, आंबट, चोख. "बघ," ते म्हणाले, "काही नाही." मी म्हटलं, "दाजी, पडदाही ओला असताना काही नसतो." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मालकाच्या कारखान्यात एक मुलगी आहे, दाजींच्या हाताखाली शिकलेली. आम्ही तिला लॅबवाली म्हणतो. ती सायकलवरून मुद्दाम वर आली. तिने जे सांगितलं ते माझ्या डोक्यात जसं शिरलं तसं सांगते. धूर सालीतून आत जातो आणि आतल्या साखरेला जाऊन चिकटतो. चिकटला की लपला. मग त्याला वास नाही, चव नाही. वाइन होताना त्यातला थोडा सुटतो, आणि बाकीचा सुटतो तो पिणाऱ्याच्या तोंडात, लाळ लागल्यावर.

"काका, यंदा सोडून द्या," ती म्हणाली. "नाहीतर द्राक्षं मालकांना द्या, त्यांच्या जाड वाइनमध्ये खपून जातील. पुढच्या वर्षी करा."

"धूर सालीत असतो ना?" दाजी म्हणाले. "मग मी तर सालींना छळतच नाही. माझ्याइतका हलका हात या दरीत कोणाचा आहे?"

"ते खरंय. पण—"

"यंदा आणखी हलका ठेवीन."

माणूस आशेला लागला की त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. लॅबवालीने माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे पाहिलं, ताई कपबशा उचलायला लागली. पुढच्या वर्षी म्हणणं सोपं असतं. दाजींना जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून दम घ्यावा लागतो, हे त्या मुलीला ठाऊक नव्हतं.

तोडणी झाली. इतकी शांत तोडणी मी पाहिली नव्हती. घड पाळण्यातलं पोर उचलावं तसे उचलले गेले. ताईने टाकीत जेमतेम पाय भिजवले म्हणायचे. सालं कधी नव्हे इतकी लवकर बाहेर काढली, दाबली तर जवळजवळ नाहीच. रस पिंपांत गेला, पिंपं तळघरात गेली, आणि दाजी रोज खाली जाऊन नुसते उभे राहायचे. "आता काय करायचं असतं?" मी विचारलं. "आता काही करायचं नसतं," ते म्हणाले. "हात लावायचा नाही, हेच काम." मला तर हातावर हात ठेवून बसायचं म्हटलं की अंगावर काटा येतो.

थंडी सरता सरता त्यांनी पहिल्यांदा पिंपातली वाइन काढून वर स्वयंपाकघरात आणली. मी जिन्यात होते, तिथपर्यंत वास आला. मला वाइनमधलं ओ का ठो कळत नाही, पण मी थांबले. उन्हात वाळलेल्या चादरीत कोणी लाल बोरं गुंडाळून ठेवली असावीत, तसा वास होता. टेबलावर तीन ग्लास. रंग असा की जणू नाहीच. दाजींनी घोट घेतला आणि डोळे मिटले. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. खोटं नाही सांगत.

"ही," ते म्हणाले. बस, एवढंच.

मी प्यायले. अगदी आधी सगळं सुंदर होतं. मी गिळलं, आणि मग जिभेच्या मागच्या बाजूने काहीतरी वर आलं. विझलेली चूल चाटल्यासारखं. थुंकी गिळली तर आणखी आलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणून गेले, "दाजी, राख लागतेय."

"कुठे?"

"तोंडभर. शेवटी शेवटी."

त्यांनी पुन्हा घोट घेतला. तिसरा घेतला. जीभ टाळूला लावून वाट पाहिली. मग हसले. "तू लाँड्रीत धूर खाल्लायस यंदा. तुझ्या नाकात बसलाय तो." आणि ताईकडे वळले. ताई ग्लास हातात धरून होती. "मला नाही बाई काही लागत," ती म्हणाली. दोन विरुद्ध एक. मी मूग गिळून बसले, आणि ही माझ्यासाठी सोपी गोष्ट नाही.

पण शंका आली ती आलीच. दाजींनी नमुना लॅबवालीकडे दिला. ती पुन्हा सायकल मारत आली. म्हणाली, धूर आहे, पण अगदी सीमेवर. काहींच्या तोंडात सुटेल, काहींच्या नाही. ज्याची त्याची लाळ.

"म्हणजे माझी जीभ गेली?" दाजींनी विचारलं.

"जीभ छान आहे हो काका. तुमच्या तोंडात तो सुटतच नाही."

"मग मला कळणार कसं?"

"तुम्हाला नाही कळणार," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका उतरला की मीच तिला पाणी दिलं.

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाइनमधले दोष शिंक ऐकू यावी तसे ओळखले, त्याला स्वतःच्या वाइनमधला दोष लागत नव्हता. बरं, आहे की नाही हे ज्याला विचारावं, तो वेगळं सांगायचा. मग दाजींनी विचारायचा सपाटाच लावला. पोस्टमन आला, त्याला ग्लास. वीजमीटर बघणारा आला, त्याला ग्लास. दाजी ग्लासाकडे बघायचे नाहीत, त्या माणसाच्या गळ्याकडे बघायचे. घोट खाली गेला की वाकून विचारायचे, "काही मागाहून येतंय का?" पोस्टमनला काही आलं नाही, तो आणखी एक मागून बसला. नळवाल्याने ग्लास अदबीने खाली ठेवला आणि पाणी मागितलं. "काका, विडी विझवलेल्या कपातून चहा प्यावा तसं झालंय," तो म्हणाला. पुढे पुढे लोक आमच्या गल्लीतून जायचं टाळायला लागले. मला हसू यायचं, आणि मग मी उरलेले ग्लास उचलून विसळायला न्यायची.

एका सकाळी मी परसात गेले तर दाजी उकिडवे बसलेले. त्यांनी वेलाच्या छाटलेल्या काड्या जाळल्या होत्या. गार राखेत बोट बुडवून ते चाखत होते. मग वाइनचा घोट. मग पुन्हा राख.

"राख कळते मला," ते म्हणाले. "खारट, कोरडी, जिभेला ओढते. हीच म्हणतेस ना तू?"

"हीच."

"मग यात ती नाहीये." त्यांनी ग्लास माझ्यापुढे धरला, ओठांना काळं लागलेलं. "शपथेवर सांगतो, यात ती नाहीये."

मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी भांडते. वेड लागलंय, तोंड धुवा, शेजारी बघतायत, असं काहीबाही ओरडले. त्यांनी गपचूप तोंड धुतलं.

उपाय नव्हते असं नाही. कोळशाच्या भुकटीतून वाइन गाळली तर धूर निघतो. दाजींनी एक जारभर करून पाहिली. धूर गेला, हे मी सांगू शकते. पण वासही गेला, चवही गेली. कोमट पाण्याला लाज वाटावी, असं काहीतरी उरलं. "ताप उतरला," दाजी म्हणाले, "पण पोर बोलेनासं झालं." मग मालक स्वतः गाडी घेऊन आले. दाराशीच उभं राहून म्हणाले, "आण माझ्या टाकीत. त्या काळ्यात तुझा धूर कोणाला कळणार आहे? पडेल ती किंमत देतो." त्यांनी ते चांगुलपणाने म्हटलं होतं. म्हणूनच दाजींनी संध्याकाळपर्यंत कळवतो म्हटलं. आयुष्यभर ज्या शाईपासून पळाले, त्या शाईत आपल्या हाताने नेऊन ओतायची.

त्या दुपारी स्वयंपाकघरात ते ताईपुढे उभे राहिले. ताई ताटं पुसत होती. मी खिडकीपाशी लेबलं कापत होते.

"अगं, शेवटचं विचारतो," दाजी म्हणाले. "माझ्या जिभेचं काही खरं नाही. हिचं मी धरत नाही. तू सांग. तू म्हणशील तसं. तुला धूर लागतो का?"

त्यांनी ग्लास पुढे केला. ताईने हात पुसले. घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. थांबली. किती थांबली कोण जाणे, माझी कात्री हवेतच राहिली.

"नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"नाही लागत. चांगली झालीये हो. तुमच्या मनातली झालीये."

दाजी खुर्चीवर बसले. मग उठून मालकांना फोन केला, आभार मानले, आणि वाइन बाटल्यांत भरायला घेतली. बुचं मी मारली. प्रत्येक बूच मारताना मला वाटत होतं की काहीतरी चुकतंय. पण ताईची जीभ या घरात कधी चुकली नव्हती, मग मी कोण?

हॉटेलवालीने नेहमीप्रमाणे न चाखता माल घेतला. दाजींच्या शब्दावर घ्यायची ती. यंदा तर तिने दाजींना आणि ताईला जेवायला बोलावलं, कोपऱ्यातलं टेबल दिलं. तिच्या टेबलांवरच्या चादरी माझ्याकडेच धुवायला यायच्या, म्हणून मीही गेले. दाजींनी नवा सदरा घातला होता. वेटर त्यांची वाइन टेबलाटेबलावर ओतत होता आणि हा माणूस जेवण सोडून गळे बघत होता. एक म्हातारी बाई घोट घेऊन हसली, दुसरा ग्लास मागवला. दाजींनी ताईचा हात दाबला. मग खिडकीजवळच्या माणसाने वास घेतला, खूश झाला, प्यायला, आणि दातांवरून जीभ फिरवली. ग्लास हळूच बाजूला सरकवला. त्याच्या पुढच्या टेबलावर कोणीतरी पाण्याचा जग मागितला. एका तरुण मुलीने तोंड रुमालात धरलं.

दाजी उठले. मी त्यांचा सदरा धरला, तो सोडवून ते त्या मुलीकडे गेले. "माफ करा," ते म्हणाले, "तुम्हाला काय लागलं?"

ती गडबडली. "थोडं जळकं... सिगारेटसारखं."

"सुरुवातीला की शेवटी?"

"शेवटी."

"आणि त्याच्या आधी? त्याच्या आधी काय होतं?"

"त्याच्या आधी फार छान होतं," ती मुलगी म्हणाली. दाजींनी तिला हात जोडले. ते परत येऊन बसले तेव्हा खुर्ची कुठे आहे हे त्यांना दिसत नव्हतं, ताईने ती मागून सरकवली.

हॉटेलवाली वाईट नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः खोकी घेऊन आली. "काका, मला लागत नाही. माझ्या नवऱ्याला लागतो. आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारू का, तुमची लाळ कशी आहे म्हणून?" दाजी म्हणाले, नाही, ते बरोबर नाही दिसणार. खोकी त्यांनी एकेक करून तळघरात उतरवली. मालकांच्या टाकीत ओतायची सोयही आता राहिली नव्हती. गावभर झालं होतं. 'धुतलेली'ची आता 'धुरकट' झाली. मी दोघातिघांशी भांडले, पण खरं असलेल्या गोष्टीवर भांडायला जोर येत नाही.

काही दिवस दाजी उतारावरही गेले नाहीत. मग एका संध्याकाळी त्यांनी टेबलावर एक बाटली आणली, दोन ग्लास मांडले आणि म्हणाले, "लोकांना नको तर नको. आपण पिऊ. आपल्या दोघांना लागत नाही ना? मग आपल्यासाठीच झालीये असं समजू." त्या दिवसापासून रोज संध्याकाळी जेवणाआधी ग्लास भरले जातात. खोक्यांची रास बघता ती वाइन त्या दोघांना जन्मभर पुरेल. दाजी पुन्हा बोलायला लागले. ती आज कशी उघडली, काल कशी लाजत होती, असलं काहीबाही. आणखी काही वर्षांनी बघाच, म्हणतात, हिची खरी मजा तेव्हा आहे.

मध्ये लॅबवाली माझ्याकडे कोट इस्त्रीला घेऊन आली होती. तिला मी सहज विचारलं, ठेवली तर तो धूर जाईल का गं? ती इस्त्रीकडे बघत म्हणाली, "नाही हो मावशी. लपलेला असतो ना, तो बाटलीत सुटत जातो. वाढेल. दर वर्षी वाढेल."

कालची गोष्ट. ग्लास भरून झाले होते, दाजी काहीतरी सांगत होते. ताई पाव आणते म्हणून आत गेली. मी मीठ आणायला मागोमाग गेले. ताई माझ्याकडे पाठ करून मोरीपाशी उभी होती. तोंडात मिठाचं पाणी होतं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ओठ घट्ट मिटून ती नुसते गाल हलवत होती. मग वाकून पाणी हळूच सोडलं, फडक्याच्या टोकाने जीभ पुसली. मागून पुढे, जोरजोरात.

"ताई," मी म्हटलं.

ती वळली नाही.

"कधीपासून?"

"टाकीत होती तेव्हापासून," ती म्हणाली. "सालं काढायच्या आधीच मला कळलं होतं."

"आणि तू नाही म्हणालीस! अगं, तू हो म्हणाली असतीस तर ती मालकांच्या टाकीत गेली असती. कोणाला कळलं नसतं. हॉटेलात त्यांचं ते हसं—"

"हळू बोल." तिने फडकं धुतलं, पिळलं, तारेवर टाकलं. "त्यांनी विचारलं तेव्हा तू ग्लासाकडे बघत होतीस. मी त्यांच्याकडे बघत होते. हो म्हणवलं नाही मला. मला वाटलं, थोडक्यांनाच लागेल. वाटलं, निभेल."

"आता सांग. आता तरी सांग."

"आता सांगितलं तर त्यांच्यापाशी काय उरलं?" ती म्हणाली. "एकटेच पीत बसतील."

"ती वाढत जाणार आहे, ताई. लॅबवाली सांगत होती."

"मलाही सांगितलंय तिने," ताई म्हणाली, आणि पावाची टोपली उचलून बाहेर गेली.

मी मीठ न घेताच गेले. दाजी आमची वाटच बघत होते. त्यांनी माझ्यासाठीही एक घोटभर ओतून ठेवली होती. अधूनमधून ओततात, परीक्षा घ्यायला. "चला मेहुणीबाई," ते म्हणाले, "बघा, गेली का राख?"

मी प्यायले. राख तशीच होती. उलट वाढल्यासारखी वाटली, की ते माझ्या मनाचं होतं, सांगता येत नाही. गेली म्हणावं असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण गेली म्हटलं असतं तर हा माणूस उजाडताच खोकी घेऊन पुन्हा हॉटेलवालीच्या दारात उभा राहिला असता. आणि खरं काय ते सगळं सांगावं, तर समोर ताई बसली होती, हात मांडीवर, माझ्याकडे न बघता.

"राखच," मी म्हटलं.

दाजी मोठ्याने हसले. किती दिवसांनी हसले. "तुझ्या नशिबातच नाही ती. आमच्या दोघांच्या आहे." मग त्यांना ताईचा ग्लास दिसला, तळाशी घोटभर उरलेला. "काय गं, कशी आहे आज?"

ताईने तो घोट संपवला. "काल होती त्यापेक्षा बरी आहे," ती म्हणाली.

दाजींनी बाटली उचलली आणि तिचा ग्लास पुन्हा काठोकाठ भरला.